डोकं कधी खाली जातं

कुत्रा पुढच्या पायाने लंगडतोय का हे ठरवायचं असेल तर मी आधी त्याच्या डोक्याकडे बघते. दुखरा पाय टेकायची वेळ आली की तो मान वर घेतो, चांगला पाय टेकला की मान खाली सोडतो. मान वर गेली की पुढचं वजन क्षणभर मागे सरकतं आणि दुखऱ्या पायाला तेवढाच दिलासा मिळतो. सांगलीतल्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या मालकांना मी हे पहिल्याच भेटीत दाखवते. बहुतेकांची नजर पंजावर खिळलेली असते. काटा रुतलाय का, नख मोडलंय का, एवढंच ते शोधत असतात आणि डोकं वरखाली होतंय हे समोर दिसत असूनही त्यांच्या लक्षात येत नाही.

एका पायात दुखू लागलं की कुत्रा त्या पायाचं ओझं उरलेल्या तीन पायांत, पाठीत, मानेत वाटून टाकतो. ही वाटणी तो इतक्या सफाईने करतो की कित्येक महिने घरच्यांना पत्ता लागत नाही. चाल तपासायची म्हणजे हे ओझं कुठून उचललं गेलं आणि कुठं नेऊन ठेवलं, याचा माग काढायचा. माझ्या कामातला मला सर्वांत प्रिय असलेला भाग हाच आहे.

त्यासाठी आधी शरीराची रचना समजून घ्यावी लागते. शांत उभ्या असलेल्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, ४० टक्के मागच्या दोन पायांवर. आपल्या गळ्यापाशी आडवं असतं तसं हाड कुत्र्याला नावापुरतंच असतं, त्यामुळे त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नसतात. दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्याच्या पसरट हाडांच्या, मधे छातीचा पिंजरा स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. मागच्या पायांचं तसं नाही. ते खुब्याच्या सांध्यातून कमरेच्या हाडाला आणि तिथून थेट पाठीच्या कण्याला जोडलेले असतात. म्हणून वजन झेलणं, धक्का पचवणं, वेग आवरणं ही पुढच्या पायांची कामं, आणि शरीर पुढे ढकलणं हे प्रामुख्याने मागच्या पायांचं. मागच्या पायाचं दुखणं म्हणूनच डोक्याआधी कमरेत शोधायचं. मागून पाहिलं की दुखऱ्या बाजूचा खुबा चांगल्या बाजूपेक्षा जास्त वरखाली होताना दिसतो.

कुत्र्याला तपासणीच्या टेबलावर घेण्याआधी मी त्याला दवाखान्याशेजारच्या काँक्रीटच्या बोळात चालवते. गुळगुळीत फरशीवर निरोगी कुत्राही पाय जपून टाकतो, त्यामुळे तिथलं निरीक्षण काही कामाचं नाही. पट्टा सैल हवा. मालकाने साखळी वर ताणून धरली की डोकं हलायचं थांबतं आणि जे पाहायचं तेच नाहीसं होतं. माझ्यापासून लांब, मग माझ्याकडे, मग माझ्या समोरून आडवं, अशा फेऱ्या मारायला लावते. आधी चालत, मग दुडक्या चालीने.

दुडक्या चालीवर माझा एवढा भर का, ते सांगते. साध्या चालीत कुत्रा मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा अशा क्रमाने एकेक पाय टाकतो. कोणत्याही क्षणी दोन किंवा तीन पाय जमिनीवर असतात, म्हणजे थोडंसं दुखणं झाकायला मदतीचा पाय असतोच. दुडकीत मात्र तिरपी जोडी एकत्र पडते, म्हणजे पुढच्या उजव्याबरोबर मागचा डावा आणि पुढच्या डाव्याबरोबर मागचा उजवा. तिसरा पाय आधाराला नाही, वेग वाढलेला, प्रत्येक पायावरचा भार वाढलेला. दुडक्या चालीत कुत्र्याचा पुढचा एकेक पाय जमिनीवर जवळजवळ त्याच्या सगळ्या वजनाइतका किंवा त्याहून थोडा जास्त जोर देतो. तीस किलोच्या लॅब्राडॉरचा एकच पंजा जवळपास तीस किलो किंवा त्याहून थोडं अधिक झेलतो, तोही सेकंदाच्या छोट्याशा अंशात. शिवाय निरोगी कुत्र्याची दुडकी दोन्ही बाजूंनी सारखी असते, म्हणून कुठं बिनसलं तर ते लगेच खटकतं. भरधाव धावण्यात डावी-उजवी बाजू मुळातच सारखी नसते. चौखूर उधळलेल्या कुत्र्यात लंगडेपण शोधत बसू नये.

आणखी एक चाल मालकांना घाबरवते. काही कुत्री एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत झुलत जातात. घोड्याच्या चालीत तिला रवाल म्हणतात. जाड झालेली, थकलेली, किंवा मालक धड चालतही नाही आणि धड पळतही नाही अशा वेगात असताना त्याच्याबरोबर जाणारी कुत्री ही चाल धरतात. मी मालकाला जरा पाय उचलायला सांगते. बहुतेक कुत्री लगेच दुडकीवर येतात. पुन्हा पुन्हा रवालवरच घसरणाऱ्या कुत्र्याची पाठ आणि खुबे मात्र मी हाताने तपासते.

तासगावकडचे एक काका त्यांचं गावठी कुत्रं घेऊन आले होते. बोळात आल्यावर ते शेपूट वर करून सरळ चालायला लागलं आणि काका कासावीस झाले. "ओ मॅडम, घरात पार लंगडतंय, हितं आलं की कसं ताठ चालतंय बघा!" असं रोज होतं. नवी जागा, दुसऱ्या कुत्र्यांचा वास आणि भीती यांच्या भरात दुखणं तेवढ्यापुरतं मागे पडतं. त्या काकांना मी घरी मोबाईलवर चित्रण करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आणलेल्या चित्रणात पहाटे उठल्यावरची पहिली दहा-बारा पावलं होती. तेवढ्यात सगळं कळलं, कारण झिजलेल्या सांध्याचं दुखणं विश्रांतीनंतरच्या पहिल्या पावलांत सर्वांत उघड असतं आणि अंग गरम झालं की दबतं.

आता ब्रुनोबद्दल जरा सविस्तर सांगते. विश्रामबागेतल्या एका काकूंचा हा सहा वर्षांचा लॅब्राडॉर. पुढच्या डाव्या खांद्यात काहीतरी आलंय अशी काकूंची खात्री होती आणि त्या रोज खांद्याला तेल चोळत होत्या. बोळात दुडकीवर घेतलं तर खरंच, पुढचा डावा पाय टेकताना डोकं वर आणि उजवा टेकताना खाली. पण मागून पाहिलं तर डावा खुबा उजव्यापेक्षा जास्त हलत होता. मागचा डावा पाय दुखत असेल तर कुत्रा काय करतो? तो पाय टेकायच्या क्षणी डोकं खाली आणि पुढे टाकतो, म्हणजे वजन मागून पुढे ओढलं जातं. दुडकीत मागच्या डाव्याबरोबर पुढचा उजवा पडतो. म्हणजे पुढचा उजवा टेकताना डोकं खाली, डावा टेकताना वर, आणि बघणाऱ्याला वाटतं पुढचा डावाच दुखतोय.

मग मी ब्रुनोला नुसतं उभं राहू दिलं आणि खाली बसून त्याचे मागचे पंजे पाहिले. उजव्या पंजाची बोटं वजनाने फाकलेली होती, डाव्याची जवळजवळ मिटलेली. त्याला बसायला सांगितलं तर डावा पाय पोटाखाली न घेता बाजूला टाकून बसला. शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्या एकाच उंचीवर मोजल्या. डावी स्पष्टपणे बारीक भरली. मांडी अशी उतरायला काही आठवडे तरी लागतात, म्हणजे दुखणं जुनं होतं. गुडघा हातात घेतल्यावर नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकत होतं. ही दोन हाडं आतून बांधून ठेवणारं क्रूसिएट लिगामेंट गेलं होतं. खेळाडूंचं हे लिगामेंट एका झटक्यात तुटतं. कुत्र्यांत ते बहुधा दोरासारखं उसवत उसवत तुटतं, त्यामुळे नेमका दिवस कुणालाच सांगता येत नाही. ब्रुनोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. खांद्याला काहीच झालेलं नव्हतं.

इतकं सगळं डोळ्यांनी दिसतं, तरी डोळ्यांची मर्यादा ओळखून राहावं लागतं. पळणाऱ्या जनावराचे पाय नेमके कसे पडतात हे माणसाला १९व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खात्रीने माहीतच नव्हतं. १८७८ साली एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रं घेतली, तेव्हा कित्येक चित्रकारांनी रंगवलेले घोडे चुकीचे ठरले. त्यांच्या १८८७ सालच्या मोठ्या संग्रहात कुत्र्यांच्या चालीचीही छायाचित्रं आहेत. आज त्याच्या कैक पट पुढची साधनं आली आहेत. जमिनीत बसवलेल्या भारमापक पट्टीवरून कुत्रा गेला की प्रत्येक पायाने किती जोर दिला याचा आकडा मिळतो. २००७ आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत नजरेने दिलेले लंगडेपणाचे गुण आणि पट्टीचे आकडे शेजारी ठेवून पाहिले गेले. लंगडणं ठळक नसेल तर दोन्ही फारसे जुळले नाहीत. मला ते पटतं. म्हणूनच मी एकदा पाहून निदान सांगत नाही, आणि शक्य तेव्हा मोबाईलवर संथ गतीने परत पाहते.

सोलापूर-लातूर भागातून अधूनमधून कारवान कुत्री येतात, सीमेपलीकडून मुधोळची येतात. मुधोळ हे घोरपडे घराण्याचं संस्थान. तिथल्या राजांनी या शिकारी कुत्र्यांना आश्रय दिला आणि आता तिथल्या जातीचं चित्र भारताच्या टपाल तिकिटावरही आलं आहे. ही लांब पायांची, खोल छातीची, बारीक कमरेची कुत्री साध्या चालीत काही खास वाटत नाहीत. मान खाली, पाठ जराशी कमानदार, पाय ओढल्यासारखे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती आजारीच वाटतात. पण मोकळ्या माळावर सोडलं की त्यांची खरी चाल दिसते. घोडा भरधाव धावताना एका उडीत चारही पाय एकदा हवेत असतात, तर ही कुत्री दोनदा. एकदा सगळे पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढचे पुढे, मागचे मागे पूर्ण ताणलेले असताना. त्यासाठी पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि उलगडतो. अशा कुत्र्याची तक्रार "पूर्वीसारखं पळत नाही" एवढीच असते. बोळात काही सापडत नाही, पण पाठीवरून अंगठा फिरवत गेलं की कमरेच्या एखाद्या मणक्यावर ते एकदम आखडतं. वाटणीत ओझं पाठीवर गेलेलं असतं आणि पाठ कमी उलगडली की उडी आखूड होते. (सशाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. या कुत्र्यांना पळायला माळ पुरेसा आहे, हे मी प्रत्येक मालकाला सांगते.)

कुत्र्यांच्या प्रदर्शनांतही परीक्षक चाल बघतात. लांब जा, परत या, त्रिकोण करा, गोल फिरा, असं सांगतात. तिथं मला एक गोष्ट फार खुपते. कुत्र्याची मान साखळीने वर ताणून त्याला रिंगणात जोरात पळवलं जातं, पुढचे पाय उंच फेकले जातात, टाळ्या पडतात. उंच उचललेल्या पायात शक्ती फुकट जाते. चांगल्या दुडकीत पाठ जवळपास स्थिर राहते, पाय जमिनीलगत लांब पडतात आणि कुत्रा दमल्याशिवाय मैलोन्मैल जाऊ शकतो. अमेरिकेतल्या रेचल पेज एलियट स्वतः गोल्डन रिट्रीव्हर पाळायच्या. १९७३ साली त्यांचं 'डॉगस्टेप्स' हे पुस्तक आलं, आणि पुढे हार्वर्डमध्ये चालत्या कुत्र्यांची क्ष-किरण चलचित्रं घेऊन त्यांनी जुन्या समजुती तपासल्या. फरा ४५ अंशांत तिरका हवा असं पिढ्यान्‌पिढ्या घोकलं जात होतं. चित्रणात तो कोन बराच कमी भरला. वेग वाढला की चारही पाय शरीराच्या मध्यरेषेकडे झुकतात, हेही त्यांनी ठसवलं. "माझ्या कुत्र्याचे पाय आत येतात" म्हणून काळजीत असलेल्या मालकांना मी तेच समजावते. समतोल राखायला ते तसे यायलाच हवेत.

जर्मनीतल्या येना विद्यापीठात मार्टिन फिशर आणि सहकाऱ्यांनी ३२ जातींची तीनशेहून अधिक कुत्री वेगवान चित्रणाखाली चालवली, पळवली. पुढचा पाय खांद्याच्या सांध्यातून झुलतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात झुलतो तो फरा, त्याच्या वरच्या कडेपासून, आणि पावलाच्या लांबीत सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. हे वाचल्यापासून मी चालत्या कुत्र्याच्या फऱ्याच्या वरच्या कडेवर हलका हात ठेवून दोन्ही बाजूंची हालचाल ताडून बघते.

२०१६ साली इंग्लंडच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात आपल्या जातीत पहिल्या आलेल्या जर्मन शेफर्डची उतरती पाठ आणि डळमळते मागचे पाय दूरचित्रवाणीवर पाहून मोठा गदारोळ झाला. तो योग्यच होता. मेंढ्या राखायला तयार केलेल्या जातीला दिवसभर दुडकता आलं पाहिजे. आपल्याकडेही "पाठ जास्त उतरती म्हणजे अस्सल" असं सांगून पिल्लं विकली जातात. पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईला आणि जमल्यास बापाला चालवून दाखवायला सांगा. विकणारा चालवून दाखवत नसेल तर पिल्लू घेऊ नका.

पगच्या बाबतीत तर पायांच्याही आधी श्वास तपासावा लागतो. पग झळकलेल्या एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीनंतर ही जात आपल्याकडे घरोघरी गेली. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनचा केनेल क्लब यांनी २०१९पासून वापरात आणलेल्या चाचणीत बसक्या नाकाच्या कुत्र्याला तीन मिनिटं दुडकवतात आणि आधी-नंतर गळ्याला स्टेथोस्कोप लावून ऐकतात. पग घोरतो ते बघून हसणाऱ्यांनी हा आवाज एकदा तरी ऐकावा.

लहान पॉमेरेनियन तीन-चार पावलांनंतर एक पाय झटकन उचलतो, एक उडी मारतो आणि पुन्हा जसा काही प्रश्नच नव्हता तसा चालतो. तिथं गुडघ्याची वाटी सरकत असते. मोठ्या जातीचं पिल्लू जिना चढताना दोन्ही मागचे पाय सशासारखे जोडून टाकत असेल तर खुब्याचा एक्स-रे हवा. मागची नखं वरच्या बाजूने झिजलेली दिसली किंवा चालताना खर्रखर्र आवाज आला तर दुखण्यापेक्षा मणक्यातल्या मज्जारज्जूची शंका आधी घ्यायची. आणि आज हा पाय, परवा तो पाय असं लंगडणं फिरत असेल, वर ताप आणि अंगावर गोचीड असतील तर रक्त तपासायचं. गोचीडतापात सांधे सुजतात, आणि आपल्या भागात तो भरपूर आहे.

एक्स-रेबद्दल माझं मत ठाम आहे. तो चालीनंतर यायला हवा. फोटोत खुबा पार खराब, आणि कुत्रा अंगणात चेंडूमागे पळतोय, असं मी पाहते. फोटोत किरकोळ झीज, आणि कुत्रा गाडीत चढायला तयार नाही, असंही पाहते. उपचार चालणाऱ्या कुत्र्यावर करायचे असतात. त्यातला सर्वांत स्वस्त उपचार म्हणजे वजन उतरवणं. जाड कुत्र्याच्या शरीराचं वजन सहा-सात टक्के घटलं तरी त्याचं लंगडणं कमी होतं, हे मोजून पाहिलेलं आहे. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोडीतल्या भावंडापेक्षा पाव हिश्श्याने कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा बिघडले. चहाबरोबरची बिस्किटं आणि तुपाची पोळी आधी थांबवा. घरातल्या चकचकीत टाइल्सवर, निदान जेवणाच्या भांड्यापाशी आणि जिन्याच्या पायथ्याशी, जुनी सतरंजी किंवा रबरी चटई घाला.

मोबाईलवर चित्रण करायचं तर स्वतः खाली बसा, कॅमेरा कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर धरा. घरातल्या दुसऱ्या कुणाला सैल पट्ट्याने त्याला सरळ रेषेत चालवायला सांगा. दोन्ही बाजूंनी, समोरून आणि मागून, चालत आणि दुडकत. मग तेच पुन्हा संथ गतीत. कुत्रा दीड-दोन वर्षांचा धडधाकट असतानाच असं एक चित्रण करून ठेवा आणि दरवर्षी नवं करा, म्हणजे पुढे बिघाड झाला की ताडून बघायला काहीतरी हाताशी असेल.

तपासणीला आणण्याआधी घरातली वेदनाशामक गोळी त्याला देऊ नका. तिने चाल तेवढ्यापुरती सुधारते आणि मला काहीच सापडत नाही. माणसांसाठीची आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक किंवा पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. पहिल्या दोन प्रकारच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, तिसरी त्याच्या यकृताला आणि रक्ताला घातक ठरते. आधीच दिली असेल तर कोणती, किती आणि कधी हे आल्या आल्या सांगा आणि गोळ्यांचं पाकीट सोबत आणा.